मूको कायदो

हॉलमधला सोफा अंगणात गेला, सतरंज्या अंथरून झाल्या, आणि चारुलतानं पदर कमरेला खोचून सकाळपासून मनात घोळत असलेला प्रश्न एकदाचा विचारला.

"वहिनी, आठ महिन्यांत उत्कर्षाच्या खोलीतून तबल्याचा एक तरी धा ऐकलायस तू?"

नलिनी उसळीच्या पातेल्यात डाव फिरवत राहिली. नणंदेच्या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं नाही, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. शिवाय उत्तर तिला माहीत होतं आणि ते चारुलताच्या सोयीचं होतं.

"रियाज करते ती," नलिनी म्हणाली.

"कुठे?"

"मनात."

"मनात!" चारुलतानं हातातली शेवेची पिशवी ओट्यावर ठेवली. "मनात तर मी पण रोज पाच किलोमीटर चालते, वहिनी. उतरलं का वजन? जो ने, बघ जरा माझ्याकडे."

नलिनीला हसू आलं आणि हसल्याचा रागही आला. आज लक्ष्मणरावांची पंचाहत्तरावी पुण्यतिथी. बडोदा संस्थानच्या नोकरीत तबला वाजवत आयुष्य काढलेला हा माणूस मागे एक कायदा, म्हणजे तबल्याची रचना, ठेवून गेला होता, स्वतः बांधलेला, सोळा मात्रांच्या तीनतालातला. दर वर्षी या दिवशी घरातला एक जण वीस-पंचवीस जाणत्या मंडळींसमोर तो वाजवी आणि त्यांचे नातू, म्हणजे नलिनीचे सासरे विश्वंभरअप्पा, त्याला पेटीवर नगमा, ताल दाखवणारी तीच तीच धून, धरत. गेली चार वर्षं तो मान नलिनीच्या मुलीचा, उत्कर्षाचा होता. एप्रिलमध्ये मात्र तीनशे माणसांच्या सभागृहात तोच कायदा वाजवताना चौथ्या पलट्यानंतर, बोल चौथ्यांदा फिरवून झाल्यावर, तिचे हात थांबले. मांडीवर गळून पडले म्हणा ना. पेटी एकटी चालत राहिली आणि ती उठून आत निघून गेली. त्यानंतर ती माणसांसमोर तबल्यावर बसलेली नव्हती. चार दिवसांपूर्वी अप्पांनी जेवताना सांगून टाकलं होतं, यंदा विहंग वाजवेल. विहंग म्हणजे चारुलताचा धाकटा.

"तुला वाटत असेल मी पोराचं घोडं पुढे दामटते," चारुलता एकदम खालच्या आवाजात म्हणाली. "माझ्या वेळी मला कुणी तबल्यावर बसूच दिलं नाही. पिठाच्या डब्यावर वाजवायचे मी हा कायदा, बाबा घरात नसताना. आता माझ्या मुलाला आपण होऊन मिळतंय, तर मी नको म्हणू?"

"नका म्हणू, चारूताई."

नलिनीनं गॅस बारीक केला. काल दुपारी मुलगी आतेभाऊ आशयशी बोलत होती ते तिनं दाराआडून ऐकलं होतं, आणि ते कुणाला सांगायची तिची हिंमत नव्हती. उत्कर्षा म्हणत होती, "उद्या घरच्यांसमोर नाही बसले ना दादा, तर मग कधीच बसणार नाही. मला कळतंय ते."

*

अप्पा आतल्या खोलीत पेटी पुसत होते तेव्हा आशय आला आणि त्याच्यामागून उत्कर्षा. आशय चारुलताचा थोरला. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात झडपांचे भाग तपासतो. केसाइतका फरक पडला की माल परत, असलं काम. त्याआधी सहा वर्षं रायफल नेमबाजी केली, राज्यापर्यंत गेला. सख्खा धाकटा भाऊ वाजवणार असताना हा मामेबहिणीची वकिली करतो, म्हणून आईनं त्याच्याशी चार दिवस अबोला धरला होता.

"अप्पा, दहा मिनिटं द्या."

"दिली. बोल."

"हिची परीक्षा घ्या."

"तबला कुठाय?"

"तबला नको."

अप्पांनी पुसायचं फडकं नीट घडी करून ठेवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी रियाजाच्या नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. मनगटाला वजन बांधणारे पाहिले, बोटांतून रक्त आलं तरी न थांबणारे पाहिले. पण तबल्याला हात न लावता होणारा रियाज त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. त्यांना ती आळसाला दिलेली छानशी सबब वाटे, आणि ही लाडकी नात सबब सांगते याचं त्यांना मनापासून दुःख होतं.

"आम्ही रायफलीत गोळी न घालता दिवसाला शंभर वेळा चाप ओढायचो," आशय म्हणाला. "मैदानावर मारायच्या चाळीसच गोळ्या. उरलेलं सगळं घरी, डोळे मिटून. श्वास, खांदा, बोट. मनात नेम हलला की तिथंच थांबायचं आणि पहिल्यापासून. हिला तेच शिकवलंय. प्रत्येक बोल ऐकायचा, बोटाला तबल्याच्या शाईचा स्पर्श जाणवला पाहिजे, समोर माणसं दिसली पाहिजेत. कुणी मध्येच उठून जातंय, कुणाचा फोन वाजतोय, सगळं."

"गोळी आणि धा एक नव्हे, आशय."

"बोट तर एकच असतं ने, अप्पा?"

अप्पांना उत्तर आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "बस," ते उत्कर्षाला म्हणाले.

ती भिंतीला न टेकता बसली. तळवे मांडीवर उताणे ठेवले, डोळे मिटले, दोन लांब श्वास घेतले आणि मान किंचित हलली. सुरू झालं असावं. आशयनं फोनवरचं घड्याळ लावलं. खोलीत काहीच होत नव्हतं. अप्पा त्या काहीच न होण्याकडे पाहत राहिले. मग त्यांना तिच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी कातडीखाली बारीकशी थरथर दिसली. बोट हलत नव्हतं, पण बोटाला निरोप पोचत होता. आणि पाहता पाहता आपणही मोजतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. मुखडा झाला, पहिला पलटा झाला. तिनं लय कुठली धरलीय हे सांगितलं नव्हतं, आणि ते मात्र तिच्या गळ्याच्या शिरेकडे पाहून खुशाल तिच्याबरोबर चालले होते.

"थांब!" ते मध्येच ओरडले. "कुठे आहेस?"

"दुसरा पलटा," डोळे न उघडता ती म्हणाली. "अकरावी मात्रा. तिटचा ति."

अप्पांच्या मनातही अकरावीच मात्रा होती. आवाज नाही, वाद्य नाही, आणि दोन माणसं एकाच मात्रेवर उभी! ते घोटभर पाणी प्यायले.

"परत. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

या वेळी ते मध्ये बोलले नाहीत. तिनं डोळे उघडले तेव्हा आशयनं फोन त्यांच्यासमोर धरला. चार मिनिटं चोवीस सेकंद.

"विहंगनं काल वाजवला तेव्हा किती झाले होते?"

"चार सोळा," आशय नाइलाजानं म्हणाला.

"मी वाजवला तरी चार सोळाच होतात. आठ सेकंद जास्त. लय सोडलीस, बाळा."

"अप्पा, रोज आठच जास्त होतात," आशय म्हणाला. "सात नाही, नऊ नाही. दोनशे वेळा मोजलंय मी."

"म्हणजे चूक पक्की झाली."

"कुठे जातात ते माहीत आहे मला," उत्कर्षा म्हणाली. "चौथ्या पलट्यानंतर. पहिले दोन महिने तर मनातसुद्धा हात गळून पडायचे तिथे. समोर कुणी नाही, खोलीत एकटी मी, आणि तरी. मग दादा म्हणाला भांडू नकोस, नुसती बघ. तेव्हापासून मन तिथे आपोआप थांबतं आणि आपोआप पुढे निघतं. मी नाही थांबवत, अप्पा."

मनातल्या मनात कुणाचा हात चुकत नसतो, हे वाक्य अप्पांनी तयार ठेवलं होतं. ते त्यांना गिळावं लागलं. आणखी एक गोष्ट ते साठ वर्षं गिळून होते. चौथ्या पलट्यावरून थेट दुपटीच्या तिहाईत, त्या तीनदा येणाऱ्या शेवटच्या तुकड्यात, उडी घेताना त्यांची स्वतःचीही छाती दर वेळी दडपायची. वडिलांचीही दडपायची. तिथे श्वासाला जागाच नव्हती. पण लक्ष्मणरावांनी बांधलंय म्हटल्यावर कमी आपल्यातच असणार, असं धरून दोन पिढ्यांनी ती उडी मारली होती.

"विहंगच वाजवेल," ते म्हणाले आणि पेटीकडे वळले. तिच्या तोंडाकडे बघणं त्यांना जमलं नाही.

*

मैफलीआधी वहीची पूजा असे. लक्ष्मणरावांचा कायदा ज्या वहीत होता ती त्यांनी स्वतः लिहिलेली नव्हती. ते मराठीत बोलत गेले आणि त्यांचा शिष्य छोटूभाई लिहीत गेला, आपल्या गुजराती अक्षरांत. पुढच्याच वर्षी छोटूभाई नैरोबीला गेला आणि त्याच्या मागोमाग लक्ष्मणराव वारले. अप्पा तेव्हा तीन वर्षांचे होते. अप्पांच्या वडिलांनी जे बसवलं ते या वहीवरून, आणि अप्पा जे शिकले ते वडिलांकडून.

नलिनीनं वही फोटोसमोर पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मग उघडली. उत्कर्षा शेजारी येऊन बसली होती. तिचे डोळे कोरडे होते, आणि नलिनीला तेच जास्त लागलं.

"कुठे अडतेस ते दाखव मला."

"तुला काय कळणार आहे, आई?"

"नाही कळणार. दाखव तरी."

उत्कर्षानं चौथ्या पलट्याखालच्या ओळीवर बोट ठेवलं. नलिनी साताऱ्याची. सत्तावीस वर्षं बडोद्यात काढूनही गुजराती वाचताना तिचे ओठ हलत आणि सगळं घर तिची थट्टा करी. आताही ती एकेक अक्षर लावत गेली. "मू...को. का...य...दो. सोळ मात्रा."

"कायदा सोडून द्या," उत्कर्षा म्हणाली. "सोळा मात्रा सोडा आणि तिहाई घ्या. पहिल्यापासून असंच आहे."

नलिनीनं ते पुन्हा एकदा पुटपुटलं. मूको कायदो. आणि तिला एकदम एक खरखरीत, मोठ्यानं बोलणारा म्हातारा आवाज ऐकू आला. छोटूभाई नैरोबीहून परत आले ते तिच्या लग्नाच्या वर्षी, कानांनी ठार बहिरे होऊन. घरच्या सगळ्यांशी ते गुजरातीत बोलत. एकट्या नलिनीशी मराठीत, कारण तिला तेव्हा गुजराती अजिबात येत नव्हतं. काय मराठी होतं ते! "नलिनी, तुझो चहो एकदम फक्कड." "तुझो डबो कुठे ठेवलो?" मराठी शब्दाच्या शेवटचा आ त्यांच्या तोंडात गेला की त्याचा ओ होई.

"उत्कर्षा," ती हळूच म्हणाली, "हे गुजराती नाहीये गं. हे छोटूभाईंचं मराठी आहे."

"म्हणजे?"

"चहा म्हणजे चहो. कायदा म्हणजे कायदो. मग मूको म्हणजे मुका."

कोपऱ्यात तबला स्वरात लावत बसलेला विहंग फिस्सकन हसला. "मामी, मुका? पूजेच्या वेळी?"

"तो मुका नव्हे रे, मेल्या. मुका म्हणजे न बोलणारा. मुका कायदा!"

अप्पा दारात उभे होते. ते केव्हा आले कुणालाच कळलं नाही. "काय म्हणालीस, नलिनी?"

सत्तावीस वर्षांत सासऱ्यांपुढे तिनं तबल्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. पण आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि शेजारी मुलगी श्वास रोखून बसली होती.

"अप्पा, मला यातलं काही कळत नाही. पण सोडूनच द्यायचं असेल, तर छोटूभाईंनी सोळा मात्रा मोजल्या कशाला?"

चारुलता स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थबकली.

"एक मिनिट," आशय म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "अप्पा, ही लय म्हणजे मिनिटाला एकशेवीस मात्रा. सेकंदाला दोन. सोळा मात्रांना किती झाले?"

अप्पा भिंतीला धरत खाली सतरंजीवर बसले. उत्तर उत्कर्षानंच दिलं.

"आठ सेकंद."

त्या हॉलमध्ये त्या क्षणी जे झालं त्याला शब्द देणं अवघड आहे. सहा माणसं एका वहीभोवती होती आणि सहांच्याही अंगावर काटा होता. पंचाहत्तर वर्षं जे कुणी वाजवलं नव्हतं, कुणी ऐकलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, ते एका मुलीच्या मनाला मिटल्या डोळ्यांनी सापडलं होतं. तिथे रिकामी जागा हवी होती आणि मनानं ती करून घेतली होती, बरोबर सोळा मात्रांची, दोनशे वेळा.

"छोटूभाई," अप्पा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "परत आल्यावर दर वर्षी पुढे येऊन बसायचा. ऐकू तर काही येत नसे, हातांकडे बघून दाद द्यायचा. सगळीकडे बरोबर, फक्त चौथ्या पलट्यानंतर चुकायचा. डोळे मिटून घ्यायचा आणि आमची तिहाई संपल्यावर कितीतरी उशिरानं समेवर मान टाकायचा. आम्ही म्हणायचो, बिचारा बहिरा." त्यांनी चष्मा काढला. "तो बिचारा सोळा मात्रा थांबत होता गं. तो एकटा बरोबर होता."

"बाबा," चारुलता दारातूनच म्हणाली, "म्हणजे मग... विहंग?"

आईच्या आवाजातलं सगळं विहंगला कळलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, आदल्या रात्री नवा झब्बा इस्त्री करून खुंटीला लावून ठेवलेला. त्यानं मांडीवरचा तबला उचलून उत्कर्षापुढे ठेवला.

"मम्मी, मला ती जागा माहीतच नाही. आजच्या आज कुठून आणू? ही आठ महिने तिथेच राहते आहे."

चारुलता वळून स्वयंपाकघरात निघून गेली. आतून भांड्यांचा जरा मोठा आवाज आला. पण तो एकदाच आला.

उत्कर्षानं तबल्याला हात लावला नाही. "अप्पा, मनात जमतं. हातांनी जमेल का?"

"मला काय ठाऊक? मला स्वतःलाही येत नाही तो," अप्पा म्हणाले, आणि त्यांना आपल्या बोलण्याचं हसू आलं. "मुका कायदा म्हटलंय ना, मग सगळंच मुकं. त्या सोळा मात्रांत पेटीसुद्धा नाही धरणार मी. तू मनात वाजव, मी मनात नगमा धरतो. समेवर भेटू."

"आणि नाही भेटलो तर?"

अप्पांनी नातीकडे पाहिलं. मग ते आतून पेटी आणायला उठले.

*

चार वाजेपर्यंत हॉल भरला. समा भागातल्या सोसायटीतली मंडळी होती, अप्पांचे जुने विद्यार्थी होते, आणि मांडवीहून मयंकभाई आले होते. तबल्याला पुडी, म्हणजे वरचं कातडं, चढवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अप्पांनी सगळ्यांना हात जोडून एवढंच सांगितलं, की मध्ये एक आवर्तन काही ऐकू येणार नाही, तेव्हा कुणी टाळ्या धरून मोजू नका.

उत्कर्षा बसली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच समोर माणसांची तोंडं होती. हाताचे तळवे गार पडले, तेच आणि तसेच. पण हे गार पडणं तिच्या ओळखीचं झालं होतं. गेले आठ महिने ती रोज इथेच येऊन बसत होती, याच तोंडांसमोर, याच गार हातांनी. तिनं दोन लांब श्वास घेतले. अप्पांनी नगमा सुरू केला आणि तिनं पहिला धा टाकला.

आवाज! तिला क्षणभर दचकायलाच झालं. मनातला धा किती चोख असला तरी तो छातीत असा घुमत नाही. मुखडा झाला, पहिला पलटा झाला. बोटं आपली आपण जात होती, त्यांना रस्ता पाठ होता. दुसरा पलटा. विहंग मांडीवर ताल धरून होता, मग सूचना आठवून त्यानं हात मागे बांधले. तिसरा. मयंकभाईंनी "क्या बात" म्हटलं. चौथा पलटा सुरू झाला आणि तिच्यासमोर एप्रिलचं ते सभागृह उघडलं. पलटा संपत आला, संपला, आणि तिनं हात उचलून मांडीवर ठेवले.

तेच हात आणि तीच मांडी. या वेळी मात्र ते गळून पडले नव्हते, तिनं ठेवले होते.

पेटीही थांबली.

ती मोजत नव्हती. ती वाजवत होती. धा आणि तिट आणि धागे, प्रत्येक बोल बोटाच्या टोकाशी येऊन परत जात होता. डोळे उघडेच होते. पाचव्या मात्रेला मयंकभाईंच्या खिशात फोन वाजला, गरब्याची धून. त्यांनी लाजून खिसाच आवळून धरला. ती धून तिच्या एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं गेली. आठवी मात्रा. मग तिला दिसलं की दाराशी चारुलताआत्या उभी आहे आणि तिची बोटं साडीच्या निऱ्यांवर हलताहेत. पिठाच्या डब्यावर शिकलेली ती बोटं बरोबर हलत होती, तिटला तिट. विहंगच्या पायाचा अंगठा हलत होता. आशयचे डोळे मिटले होते. आई, जिला सम कशाला म्हणतात हेही धड सांगता येत नसे, ती ओठ घट्ट मिटून किंचित पुढे झुकली होती, कुणीतरी येणार आहे आणि त्याची चाहूल लागली आहे तशी. पंचवीस माणसं होती, एकही आवाज नव्हता, आणि तबला चालू होता. सगळ्यांना ऐकू येत होता. उत्कर्षाचे डोळे भरून आले. असं काही जगात असू शकतं हे तिला माहीत नव्हतं. तेरा. चौदा. हात उचलले गेले. पंधरा. सोळा.

धा.

खोलीतल्या सगळ्या माना एकदम खाली आल्या. कुणीतरी हुंदक्यासारखा श्वास सोडला. उत्कर्षा तिहाईत शिरली आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. पेटी नव्हती. समेवर ती एकटीच आली होती.

चुकले, तिला वाटलं. परत चुकले. पण हात थांबले नाहीत. माना तर पडल्या होत्या, विहंगचा अंगठा तर आपटला होता. नगम्याशिवाय, कशाचाही आधार नसताना, तिनं तिहाई दुपटीत नेली आणि तीन धा टाकून शेवटच्या समेवर आणून सोडली. हॉलमधून असा आवाज उठला की बाहेरच्या झाडावरची कबुतरं उडाली. ती मात्र अप्पांकडे बघत होती.

अप्पांचा डावा हात भात्यावर होता, उजवा पट्ट्यांवर, आणि दोन्ही तसेच होते. डोळे मिटलेले. गालावरून पाणी वाहून मिशीत गेलं होतं. टाळ्या थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि बावरून आजूबाजूला पाहिलं.

"संपलं?"

"अप्पा, तुम्ही समेवर आलाच नाहीत," विहंग म्हणाला.

"नाही आलो?" त्यांनी आपल्याच हाताकडे पाहिलं. मग ते हसायला लागले, मोठ्यानं, दात नसलेल्या तोंडानं, सगळ्यांच्या देखत. "चुकलो की मी! अहो, चुकलो. ऐकत राहिलो हो मी. काय वाजवत होती पोरगी! ऐकता ऐकता पेटी धरायची ते विसरूनच गेलो."

हॉलमध्ये कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. मयंकभाई उठून त्यांच्या पाया पडायला आले, तर अप्पांनी त्यांना हातानं बाजूला सारलं आणि पेटी पुढे ओढली.

"परत घे," ते उत्कर्षाला म्हणाले. "चौथ्या पलट्यापासून. आणि या खेपेला मला बरोबर घेऊन जा."

उत्कर्षा त्यांच्याकडे पाहत राहिली. घरातला सगळ्यात मोठा माणूस भरल्या मैफलीत समेवर चुकला होता आणि पुढच्या वेळेसाठी उतावीळ होऊन बसला होता. तिनं नाक पुसलं, तळव्यांना पावडर लावली आणि चौथा पलटा उचलला.